घरचा हिशोब : न पाहिलेल्या मालाचा सौदा



गेल्या महिन्यात अमरावतीच्या एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "माझा मुलगा मोबाइलवर फ्युचरमध्ये पैसे लावतो. म्हणतो, हा शेअर बाजारच आहे, जुगार नाही. मला यातले काही कळत नाही. त्याला काय विचारू?" आणि पत्राच्या शेवटी, "त्याच्या अब्बूंना अजून सांगितलेले नाही."

ते शेवटचे वाक्य वाचून मला अकोल्यातले माझ्या आपाचे घर आठवले. आपा आणि भाचा, दोघांना विचारूनच ती हकीकत इथे सांगतो. पत्राचे उत्तर तिच्यातच आहे.

४ जून २०२४, मंगळवार. लोकसभेच्या निकालाचा दिवस. बकरी ईद दोन आठवड्यांवर आली होती. मगरिबनंतर आपाचा फोन आला. "भाई, उद्या अकोल्याला ये. पोरगा दुपारपासून जेवला नाही, खोलीतून बाहेर येत नाही. विचारलं तर काही सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. भाचा बी.कॉम. झालेला, एका दुकानात हिशोब पाहणारा, कोणतेही व्यसन नसलेला मुलगा. मी जवळ बसलो तेव्हा बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामू, मी पावणेदोन लाखच लावले होते. मग नुकसान आठ लाखांच्या हिशोबाने कसं झालं?"

त्या पावणेदोन लाखांत पंचाहत्तर हजार त्याचे होते. एक लाख बहिणीच्या निकाहसाठी आपाने त्याच्या खात्यात ठेवलेले होते.

मी तीस वर्षे अमरावतीत कापूस आणि तुरीच्या अडतीवर हिशोब लिहिला. त्यामुळे मला जसे समजते तसेच त्याला समजावले. समजा, एका शेतकऱ्याने जूनमध्ये कपाशी पेरली. माल घरात यायला दिवाळी उजाडणार, आणि तेव्हा भाव पडला तर, ही त्याची काळजी. उलट जिनिंगवाल्याला काळजी की भाव चढला तर कापूस परवडणार नाही. दोघे आजच ठरवतात : अमुक महिन्यात, अमुक इतका माल, अमुक भावाने. हा झाला वायदा. यात एकाकडे माल येणार आहे, दुसऱ्याला माल हवा आहे. दोघांचीही झोप शांत व्हावी म्हणून हा सौदा.

आता तिसरा माणूस येतो. त्याच्याकडे शेत नाही, जिनिंग नाही, कापूस ठेवायला जागाही नाही. तो वायदा घेतो आणि मुदतीच्या आत विकतो. मधला फरक त्याचा, नफा झाला तर नफा, तोटा झाला तर तोटा. बाजाराचे जाणकार सांगतात की असा माणूसही लागतो, कारण शेतकऱ्याने खांद्यावरून उतरवलेली जोखीम कोणीतरी उचलायला हवी. खरे आहे. पण उचलणाऱ्याच्या पाठीत तेवढे बळ हवे.

शेअरचा फ्युचर म्हणजे हाच वायदा, फक्त कापसाच्या जागी कंपनीचा शेअर. आपल्या देशात एकेका शेअरचे असे वायदे नोव्हेंबर २००१ पासून सुरू झाले. एक शेअर, दोन शेअर असे त्यात घेता येत नाहीत. ठरलेल्या आकड्याचा लॉट घ्यावा लागतो आणि महिन्याच्या अखेरीस ठरलेल्या दिवशी मुदत संपते.

भाच्याचा हिशोब मी कॅलेंडरच्या पाठीवर मांडला. त्याने एका सरकारी कंपनीचा एक लॉट घेतला होता. भाव ८०० रुपये, लॉट १,००० शेअरचा. म्हणजे सौदा ८ लाखांचा. पण ८ लाख कोणी मागत नाही. साधारण २० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार मार्जिन अडकते आणि सौदा होतो. इथेच नवखा माणूस फसतो. त्याला वाटते, आपण १ लाख ६० हजारांचा धंदा केला.

आपाला मार्जिन म्हणजे घराचा बयाणा वाटला. तसे नाही. घराचा सौदा मोडला तर बयाणा जातो आणि गोष्ट तिथे संपते. मार्जिन ही केवळ हमी आहे. नफा-तोटा पूर्ण ८ लाखांवर मोजला जातो, आणि तोही रोजच्या रोज. संध्याकाळी बाजार बंद झाला की त्या दिवसाचा तोटा खात्यातून वजा. जमा रक्कम कमी पडली तर आणखी पैसे भरा, नाहीतर दलाल सौदा कापून टाकतो. तोटा मार्जिनपेक्षा मोठा झाला तर वरची रक्कमही आपणच देणे लागतो.

सोमवारी, ३ जूनला एक्झिट पोलच्या जोरावर बाजार उसळला होता. निफ्टी २३,२६३ वर बंद झाला. भाच्याने त्याच दिवशी लॉट घेतला. मंगळवारी निकाल वेगळे लागू लागले आणि निफ्टी जवळजवळ ६ टक्के घसरून २१,८८४ वर आला. अनेक सरकारी कंपन्यांचे शेअर तर एका दिवसात पंधरा-वीस टक्के उतरले. भाच्याचा शेअर ८०० वरून ६८० वर आला. शेअरमागे १२० रुपये, १,००० शेअरचे १ लाख २० हजार. शेअर पडला १५ टक्के, पण त्याच्या पावणेदोन लाखांतले जवळजवळ सत्तर टक्के गेले. उरले ५५ हजार. तेवढ्यात सौदा टिकत नव्हता. आणखी भरायला पैसे नव्हते. दुपारीच सौदा कापला गेला.

यातली खरी शिकवण त्याच आठवड्यात पुढे होती. शुक्रवारी, ७ जूनला निफ्टी २३,२९० वर बंद झाला, म्हणजे सोमवारपेक्षाही वर. ज्यांनी पूर्ण पैसे देऊन शेअर घेतले होते त्यांनी चार दिवस काळजी केली, एवढेच. माल त्यांच्या नावावर होता, ते थांबू शकले. भाच्याला थांबण्याची मुभाच नव्हती. बाजार वर जाईल हा त्याचा अंदाज फार चुकीचा नव्हता. पण उधारीच्या बळावर घेतलेल्या सौद्यात अंदाज बरोबर असून भागत नाही, तो दिवसाच्या दिवशी बरोबर असावा लागतो.

ही गोष्ट नवी नाही, आणि तिचा एक धागा आपल्या वऱ्हाडातून जातो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद पडले आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडचा कापूसही मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. मुंबईत पैसा मावेना, रोज नवी कंपनी निघू लागली आणि तिच्या शेअरचे मुदतीचे सौदे होऊ लागले : शेअर आज ठरवायचा, पैसे पुढे द्यायचे. पुष्कळ सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ची होती. एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैला देणेकऱ्यांकडे द्यायला पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. मोठमोठी नामांकित घराणी बसली. तेव्हा मोबाइल नव्हते, पण चूक हीच होती.

आजची स्थिती सेबीच्या आकड्यांतून पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यात, आणि एकूण नुकसान १ लाख ५ हजार कोटींवर. दोन गोष्टी आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत. २०२३-२४ मध्ये यातले ७२ टक्के लोक देशातल्या तीस मोठ्या शहरांबाहेरचे होते, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. आणि तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोक तोटा होऊनही खेळतच राहिले.

आता आपल्या घरांतला खास प्रश्न : हे जायज आहे का? मी मुफ्ती नाही, पण जे उलमांकडून ऐकले आणि वाचले ते सांगतो. जी वस्तू आपल्याकडे नाही ती विकू नये, ही हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची ताकीद आपण जाणतो. मुदतीच्या व्यवहाराला एक सवलत आहे, ती सलमची. मदिन्यात लोक खजुरांसाठी वर्ष-दोन वर्षे आधी पैसे देत. त्याला माप, वजन आणि मुदत नक्की करण्याची अट घातली गेली. मात्र सलममध्ये पूर्ण किंमत आधी द्यावी लागते. त्यातून गरीब शेतकऱ्याच्या हातात पेरणीचा पैसा येतो. फ्युचरमध्ये सौदा होताना किंमतही दिली जात नाही आणि मालही हाती येत नाही, दोन्ही उधार. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९२ च्या अधिवेशनात असे वायदे आणि ऑप्शन नाजायज ठरवले. २०१९ पासून शेअरचा वायदा अखेरपर्यंत ठेवला तर खरे शेअर द्यावे-घ्यावे लागतात, हे खरे. पण बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, आणि विचारताना व्यवहार पूर्ण समजावून सांगा. नुसते "शेअर बाजार चालतो का" असे विचारू नका.

कारण शेअर घेणे ही वेगळी बाब आहे. हलाल धंदा करणाऱ्या कंपनीचा शेअर पूर्ण पैसे देऊन घेतला तर आपण त्या धंद्यात भागीदार होतो. निफ्टी ५० शरियासारख्या निर्देशांकात धंदा आणि कर्ज तपासून निवडलेल्या कंपन्या असतात. त्यातही भाव पडतो, पण आपण घातले त्यापेक्षा जास्त जात नाही.

तर भगिनी, मुलाला रागावू नका. शांतपणे चार गोष्टी विचारा. मार्जिन नव्हे, पूर्ण सौदा किती लाखांचा आहे? शेअर उद्या पंधरा टक्के पडला तर किती रुपये द्यावे लागतील, आणि ते कुठून आणणार? या पैशात निकाह, फी, हज किंवा दवाखान्याचा पैसा आहे का? आजवरचा एकूण नफा-तोटा किती, ते खात्याच्या कागदावर दाखव. फ्युचर-ऑप्शनची सोय खात्यात आपोआप सुरू होत नाही, उत्पन्नाचा कागद देऊन ती चालू करावी लागते. तशी ती बंदही करून घेता येते. आणि गेलेले भरून काढायला कर्ज किंवा दागिना, काही म्हणजे काही लावू देऊ नका.

माझ्या भाच्याने ती सोय मी समोर बसलेला असतानाच बंद केली. त्याच रात्री जेवताना त्याने अब्बूंना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पैसा गेला तो गेला. तू एकटा खोलीत बसलास, त्याचं मला जास्त वाईट वाटलं." निकाह ठरल्या तारखेलाच झाला, मशिदीत, साधेपणाने. भाचा दर महिन्याला आपाच्या हातात पाच हजार ठेवत गेला आणि वीस महिन्यांत बहिणीचा लाख पुरा केला.

म्हणून तुमच्या पत्राला पहिले उत्तर हेच : आज संध्याकाळी त्याच्या अब्बूंना सांगा. मुलगा समोर असताना सांगा. बाकीचा हिशोब तिघे मिळून मांडता येईल.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.