पुढच्या कमानी नव्या, तरी गाडी ओढते कशी?

रिठद : सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की आपल्या भागातील ट्रकमालक गाडीचा पुढचा भाग खोलतो. कमानीचे पाटे, किंगपिन, बुश, शॅकल सारे नवे पडते. गाडी वाशिम रस्त्याला लागते आणि ड्रायव्हर म्हणतो, "सेठ, डावीकडे ओढते." मग अलाइनमेंटवाला टायरॉड फिरवून टो-इन बसवून देतो, आणि महिनाभरात पुढचे टायर एका अंगाने घासून निघतात. गेल्या हंगामात येथील एका मालकाचे नेमके असेच झाले. मिस्त्री टायरला दोष देई, टायरवाला मिस्त्रीला.

आमचे मत असे की, कामापूर्वी सरळ चालणारी गाडी कामानंतर ओढू लागली, तर दोष आधी त्या कामातच शोधावा. टायरची हवा आणि एका चाकाचा ब्रेक धरतो काय, एवढे अगोदर बघून घ्यावे. त्यानंतर साधा टेप घेऊन पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. फरक निघाला तर सेंटर बोल्टचे डोके आपल्या खाचेत बसलेले नाही, एक्सल तिरपा आहे. अशा गाडीत टायरॉड कितीही फिरविला तरी व्यर्थ.

दुसरी चूक पाचरीची. कमान व एक्सल यांच्यामधली पाचर उलटी बसली की गाडी रस्त्यावर भटकते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. खोलतानाच जाड बाजू कुठे होती त्याची खूण करणारा मिस्त्री खरा उस्ताद समजावा.

स्टेअरिंग जड झाले तर पुढची चाके जॅकवर उचलून ड्रॅगलिंक सोडावी आणि चाके हाताने फिरवून पाहावीत. तरीही जड असतील तर किंगपिनचे बुश घट्ट आहेत किंवा बेअरिंगखालचे शिम जास्त झाले आहेत. सहज फिरली तर स्टेअरिंग बॉक्सकडे जावे. पण अनेक ठिकाणी याच्या उलट होते. स्टेअरिंगमध्ये खेळ दिसला की सरळ बॉक्सचा स्क्रू आवळतात; खेळ असतो ड्रॅगलिंकच्या बॉलमध्ये, आणि बॉक्स मात्र जाम होऊन बसतो.

नव्या कमानी भार पडल्यावर बसतात आणि यू-बोल्ट सैल होतात. म्हणून भरलेल्या गाडीने दोन-चारशे किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा आवळलेच पाहिजेत. येथे दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. "एवढ्यासाठी एक फेरी कोण बुडवील?" असे म्हणणारे मालकभाई आम्ही पाहिले आहेत.

गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही अमानत आहे, आणि तिच्यासोबत ड्रायव्हरचा व क्लीनरचा जीवही. तेव्हा भरलेल्या गाडीची चाचणी आणि दुसऱ्यांदा आवळण्याची मजुरी बिलातच स्वतंत्र लिहावी, मालकाने ती घासाघीस न करता द्यावी, आणि ती फेरी होईपर्यंत मिस्त्रीने काम पूर्ण झाले म्हणू नये.