पैज आणि पंगत

जुन्या पंगतींत जिलब्यांची पैज लागे आणि जिंकणाऱ्याची कीर्ती पुढे कित्येक वर्षे सांगितली जाई. परदेशात अशा खाण्याच्या रीतसर स्पर्धाच भरतात. न्यूयॉर्कला ४ जुलै २००१ रोजी जपानच्या ताकेरू कोबायाशी यांनी १२ मिनिटांत ५० हॉट डॉग संपवले. २०२१ मध्ये जोई चेस्टनट यांनी १० मिनिटांत ७६. त्याच २००१ च्या नोव्हेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. इथे मलाजखंडला ते वाढण्यापूर्वी एक घास शिक्षकाने चाखायचा असतो. तो घेऊन मी पंगतीतून फिरतो. कोणाचे ताट आधी रिकामे झाले, हे मी पाहत नाही. दुसऱ्यांदा मागायला कोण लाजते, तेवढे पाहतो.