टपाल कोणाचे?

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिले. त्यांत लहान-मोठा असा भेद नाही. तुम्ही जुन्या संगणकावर स्वतःचे टपालघर उघडलेत, तरी ते जीमेलच्या बरोबरीचे. निदान कागदावर तरी! प्रत्यक्षात मोठ्या कंपन्या तुमचे पत्र परत धाडतात, नाहीतर गुपचूप स्पॅममध्ये टाकतात. तुमचा आयपी पत्ता त्यांना अनोळखी असतो. शेजारच्या पत्त्यावरून कोणी कचरा पाठवला असेल, तर ते पापही तुमच्याच माथी.

कचरा-पत्रांचा उपद्रव खरा आहे. मूळ नियमांत पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोयच नव्हती. म्हणून पुढे डीकेआयएम ही पद्धत आली. टपालघराने गुप्त किल्लीने पत्रावर गणिती सही करायची, आणि जाहीर किल्लीने कोणीही ती तपासायची. (यामागचे मूळ संख्यांचे गणित तुमच्या शिक्षकांना जरूर विचारा.) २०२४ पासून गूगल व याहू यांनी पाठवणाऱ्यांकडून ओळखीचा असा पुरावा मागण्यास सुरुवात केली. ते योग्यच झाले. पण सही बिनचूक असूनही पत्र अडते आणि कारण मोघम मिळते, याला माझा आक्षेप आहे. पत्र नाकारायचे असेल तर नेमके कारण कळवावे, आणि दाद मागितल्यास उत्तर द्यायला माणूस ठेवावा.