‘मोनोटोन’ कुठे हवं आणि कुठे नको?

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, ‘रेट मोनोटोन ठेवा, आवाज नको.’ त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, एकच शब्द दोन्हीकडे कसा? म्हणून आज जरा सविस्तर.

मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘एक सूर’. बोलण्यात मोनोटोन म्हणजे एकसुरी, चढउतार नसलेला आवाज. गणितात मात्र अर्थ वेगळा आहे. एक गोष्ट वाढली की दुसरी वाढेल किंवा तेवढीच राहील, पण कमी होणार नाही, याला मोनोटोन वाढ म्हणतात. उलट दिशेनेही चालतं. फक्त अधेमधे दिशा बदलायची नाही.

माझं स्पष्ट मत आहे की छोट्या दुकानदाराचं नुकसान याच ठिकाणी होतं. उदाहरण बघा. बोर्डवर लिहिलंय: १ ते ९ नग ५० रुपये, १० किंवा जास्त घेतल्यास ४० रुपये. छान ऑफर वाटते ना? आता हिशोब करा. ९ नगांचे ४५० आणि १० नगांचे ४००! माल वाढला, बिल कमी झालं. ज्याला ८ हवे होते, तो त्याच ४०० रुपयांत १० घेऊन जातो.

तुमची खरेदी ३५ ची असेल तर ९ नगांवर १३५ रुपये सुटतात, १० नगांवर फक्त ५०. म्हणजे तेच १३५ कमवायला ४० च्या रेटने २७ नग विकावे लागतील. बरेच जण म्हणतात, ‘होलसेलचं गिऱ्हाईक तुटेल हो!’ तुटणार नाही. सूट फक्त दहाव्या नगापासून पुढच्या मालाला द्या. १० नगांचे ४९० होतात, नफा १४०. गिऱ्हाइकाला सूट मिळाली आणि तुमचं बिल, नफा दोन्ही चढतेच राहिले. इन्कम टॅक्सचे स्लॅब असेच असतात. वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, सगळ्या उत्पन्नाला नाही.

कॉम्प्युटरवाल्यांना हा शब्द वेळेसाठी लागतो. साधं घड्याळ मागे करता येतं, पण मोनोटोनिक क्लॉक मागे जात नाही, म्हणून दोन घटनांमधलं अंतर त्यावरच मोजतात. आपल्या दुकानात हे काम बिल नंबर करतो. बिलिंगच्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी गेली की तारीख कुठल्या कुठे जाते, पण नंबर क्रमाने असतील तर कुठलं बिल आधी ते कळतं. जीएसटीच्या नियम ४६ मध्येही बिलाला सलग क्रमांक हवा, तो १६ अक्षरांपर्यंतच आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा, असं सांगितलंय. बिल रद्द झालं? ‘रद्द’ म्हणून ठेवा. तोच नंबर दुसऱ्याला देऊ नका.

पण प्रत्येक चढती रेषा म्हणजे प्रगती नाही, हेही लक्षात घ्या. पहिल्या महिन्यात विक्री ९० हजार, मग ७० हजार, मग ५० हजार. ‘आतापर्यंतची एकूण विक्री’ असा ग्राफ काढला तर ९०, १६०, २१० हजार! रेषा वरच जाते, धंदा मात्र खाली चाललाय. एकूण बेरीज घसरतच नाही, म्हणून ती बघून खूश होऊ नका. महिन्याला महिना लावून बघा.

आता राहिला आवाज. तिथे एकसुरीपणा अजिबात नको. ‘शंभरचं आहे, दीडशेचं आहे, दोनशेचं आहे’ असं पाढे म्हटल्यासारखं सांगितलं तर गिऱ्हाईक फक्त सगळ्यात छोटा आकडा पकडतं. वस्तूचा फायदा सांगताना आवाज जरा उचला, किंमत सांगण्याआधी क्षणभर थांबा, किंमत ठामपणे सांगा. आणि मग गप्प बसा! समोरच्याला विचार करू द्या.

आज दुकान बंद करताना एवढं करा: रेट बोर्डवरच्या प्रत्येक स्लॅबच्या सीमेवर दोन बिलं काढून बघा. ९ आणि १०, २४ आणि २५. जास्त मालाचं बिल कमी येत असेल तर बोर्ड उद्या सकाळीच बदला.