तिसऱ्या मालकाची गाडी

रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त नवापूर तालुक्यात झालेल्या एका सभेत एका अभ्यासू गृहस्थांचे भाषण ऐकले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अपघात चालकाच्या चुकीने होतात. आजच्या गाड्या कडक चाचण्या पार करूनच रस्त्यावर येतात, त्यामुळे कंपनीकडे बोट दाखवणे हा कृतघ्नपणा आहे. क्वचित दोष निघालाच, तर कंपन्या आपण होऊन गाड्या परत बोलावतात आणि फुकट दुरुस्त करून देतात. याहून कडक नियम केले तर गाड्या महागतील, आणि तो भार चिंचपाड्यासारख्या आदिवासी गावातल्या गरीब पिकअपवाल्यावर पडेल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, आणि का वाजवल्या नाहीत ते सांगायला हवे.

शेवटच्या मुद्द्याला फार वेळ देणार नाही. गरिबाला स्वस्त गाडी हवी असते, स्वस्तात मरण नको असते. त्याच्या नावाने सूट मागणाऱ्याने आधी त्याला विचारावे.

खरा मुद्दा पहिला आहे. चालकाची चूक! केंद्रीय वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि बहात्तर टक्क्यांच्या आसपास अपघातांचे कारण अतिवेग होते. वक्त्यांनी हाच आकडा फडकावला. पण हे कारण ठरते कसे, याचा विचार त्यांनी केला आहे का? कोंडाईबारी घाटात ट्रक उलटला की पोलीस येतात, पंचनामा होतो, जबाब घेतले जातात, फॉर्मातला रकाना भरला जातो. ब्रेक, टायर, स्टिअरिंग डोळ्यांनी दिसते, म्हणून ते तपासले जाते. पण गाडीच्या आत आज जे डबे बसलेले आहेत, एअरबॅगचा कंट्रोलर, एबीएसचे मॉड्यूल, इंजिनाचा ईसीएम, बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, त्यांतले कोण शेवटच्या दोन सेकंदांत काय करत होते, हे कोण वाचतो? नटबोल्ट तुटला तर तुकडा हाती लागतो. सोल्डरचा सांधा एका क्षणापुरता सुटला आणि पुन्हा जुळला तर काहीच हाती लागत नाही. मग रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून त्यात चालक बसतो. ज्या कारणाचा शोधच घेतला नाही ते सापडले नाही, याला पुरावा म्हणत नाहीत.

हे मी कल्पनेने बोलत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांमध्ये चावीचा स्विच जितका घट्ट हवा तितका नव्हता. चावीच्या जुडग्याला वजन असले किंवा गाडीला हिसका बसला, की स्विच चालू स्थितीतून सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगची वीजही बंद. म्हणजे ज्या क्षणी एअरबॅग उघडायची त्याच क्षणी ती मेलेली. पुढे हा सुटा भाग सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला जुना आणि नवा वेगळा ओळखूच येईना. गाड्या परत बोलावल्या २०१४ साली, सुमारे २६ लाख. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू या स्विचशी जोडलेले मान्य केले. २०१५ साली कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली.

या प्रकरणातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. टेक्सासमधल्या एका तरुणीची अशीच एक गाडी २००४ साली रस्ता सोडून झाडावर आदळली. शेजारी बसलेला तिचा वाग्दत्त वर गेला. दोष कोणाचा? चालकाचा. तिने २००७ साली गुन्हा कबूल केला. मी मारले, असे मनाशी धरून ती दहा वर्षे जगली. २०१४ साली न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. ही कबुली तिच्याकडून कोणी मारहाण करून घेतलेली नव्हती. वक्तेमहाशयांचे जे तत्त्वज्ञान आहे, त्याच तत्त्वज्ञानाने ती तिच्याकडून वदवून घेतली. गाडी कधी चुकत नाही असे सगळेच म्हणत असतील, तर माणूस स्वतःलाच गुन्हेगार मानतो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्या तरी घरी उद्या असा पंचनामा होईल, तेव्हा त्याने हे आठवावे.

आता घरचे. माझा भाचा चिंचपाड्याहून धुळ्याकडे तूरडाळीच्या गोण्या नेतो. गाडी जुनी, त्याच्याकडे तिसऱ्या हाताने आलेली. पावसाळ्यात एका रात्री घाट चढताना पिवळी लाइट लागली आणि गाडीने पिकअप घेणे सोडले. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी रांगतेय, मागून कंटेनर हॉर्न मारत येताहेत, बाजूला घ्यायला जागा नाही. तो वाचला, कारण मागच्या ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितले, तुम्ही डिझेल खराब भरले. गावातल्या मिस्त्रीने स्कॅनर लावला, वायरिंग उलगडली आणि सेन्सरच्या कनेक्टरचे रबर नीट बसलेले नव्हते ते दाखवले. आत पाणी. नंतर कळले की याच भागासाठी कंपनीने पूर्वी गाड्या बोलावल्या होत्या. पत्र गेले होते सुरतेच्या पहिल्या मालकाला. त्याने गाडी केव्हाच विकली होती.

इथेच ‘आपण होऊन परत बोलावतात’ हा मुद्दा उभा राहत नाही. मी कंपन्यांना सरसकट चोर म्हणत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असेही सांगितले, हे योग्यच झाले. पण त्या गाड्या आठवड्या-महिन्यापूर्वी बनलेल्या. मालकाचा फोन नंबर डीलरच्या वहीत ताजा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महिंद्राने चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० या गाडीच्या इंजिनाजवळची वायरिंग घासून कापली जाऊ शकते म्हणून १,०८,३०६ गाड्या तपासायला घेतल्या. त्याही नव्याच होत्या. नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला शोधणे अवघड नाही. तिसऱ्या मालकाला कोण शोधतो?

कायदाही शोधत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सरकारला गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार आला, उत्पादकाला १०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आली. छान झाले. पण एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत गाडी सात वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट आहे. सात वर्षे! आमच्याकडे अनेक गाड्यांचा संसार सातव्या वर्षानंतरच सुरू होतो. जिथे सोल्डर थकते, रबर कडक होते, कनेक्टरला गंज चढतो, तिथेच जबाबदारी संपते.

चाचणीबद्दल एवढेच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्याही चाचणी पास होत्या, कारण चाचणी चालू आहे हे ओळखणारे सॉफ्टवेअरच त्यांत घातलेले होते. २०१५ साली ते उघड झाले. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने तपासणी केल्यावर भारतातही सुमारे सव्वातीन लाख गाड्या बोलावण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. चाचणी मोजक्या काळाची असते. नंदुरबारचा उन्हाळा, मग नवापूरचा पाऊस, मग पुन्हा उन्हाळा, हे चक्र पंधरा वर्षांचे असते.

असाच वाद २०२२ सालीही झाला होता. मार्चमध्ये पुण्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याच्या कडेला पेटली, मग देशभरातून तशा बातम्या आल्या. तेव्हाही शहाणी माणसे सांगत होती की लोकांनी चार्जिंग चुकीचे केले, गाडी उन्हात लावली. दोष वापरणाऱ्याचाच असता तर बॅटरीचे मानक बदलावे कशाला लागले? एआयएस १५६ या त्या मानकात दुरुस्ती झाली, त्या वर्षीच्या डिसेंबरपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. सेलच्या तपासणीपासून बॅटरीच्या देखरेखीच्या यंत्रणेपर्यंत अटी आल्या. तेव्हा माझ्याशी भांडलेल्यांपैकी एकानेही नंतर येऊन आपली चूक मान्य केली नाही.

मग करावे काय? माझी मागणी मोठी नाही. सात वर्षांची अट काढावी आणि गाडी रस्त्यावर असेपर्यंत सुरक्षेच्या इलेक्ट्रॉनिक भागांची जबाबदारी बनवणाऱ्यावर ठेवावी. भागाचा क्रमांक न बदलता भाग बदलणे हा गुन्हा ठरवावा. मृत्यू झालेल्या अपघातात मॉड्यूलमधली नोंद वाचल्याशिवाय कारणाचा रकाना भरू नये. आणि परत बोलावलेल्या गाड्यांची यादी आजच्या मालकाच्या मोबाइलवर, नाव बदलताना आरटीओत आणि पीयूसीच्या पावतीवर दिसावी. नोंदणीची माहिती संगणकावर आहेच. यातल्या एकाही गोष्टीने पिकअप महागणार नाही.

भाच्याची गाडी पुढच्या महिन्यात पासिंगला न्यायची आहे. तिथे दिवे, ब्रेक, टायर, हॉर्न बघतील. तिच्या कुठल्या मॉड्यूलसाठी कंपनीने पूर्वी बोलावणे काढले होते का, हे बघणे मात्र पासिंगमध्ये बसत नाही. ते बसवण्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे आणि भाच्यासोबत जाऊन तो एमएच ३९ च्या, म्हणजे नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयात देणार आहे.