ही भीक नव्हे, ही थकबाकी आहे



एकट्या बाईने किंवा एकट्या बापाने चालवलेल्या गरीब घराला सरकारने दरमहा रोख मदत द्यावी, असा ठराव या जिल्हा बैठकीसमोर येत आहे. तालुक्याच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून विचारले, "आपली चळवळ 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत उभी राहिली. आता आपणच सरकारपुढे पदर पसरायचा का?" बऱ्याच माना हलल्या. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

प्रश्न प्रामाणिक आहे. तो टाळून ठराव मंजूर करण्यात अर्थ नाही. आमचे उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो. होय, सरकारने हे पैसे दिलेच पाहिजेत, आणि ते मागण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. असे का म्हणतो, ते भावनेने नाही, कास्तकाराच्या हिशोबाने सांगतो.

तीन एकर कोरडवाहू पऱ्हाटी घ्या. एकरी पाच क्विंटल धरा, म्हणजे पंधरा क्विंटल कापूस. दोन वेळा निंदण, दर वेळी एकरी दहा बाया, मजुरी २५० रुपये. झाले १५,००० रुपये. वेचणी किलोला १० रुपये धरली तर तेही १५,०००. डवरणी, फवारणी, खत टाकणे, राखण असे गड्याचे ३० दिवस, ४०० रुपयांप्रमाणे १२,०००. आकडे पटत नसतील तर आपल्या गावचे घाला, गणित तेच राहील.

नवरा-बायको दोघे राबतात त्या घरी गड्याचे ३० दिवस घरातच निघतात. निंदण-वेचणीचे दोन हिस्से काम घरची माणसे आणि सावड यांवर होते, एक हिस्सा मजुरी बाहेर जाते. आता तेच शेत एकटीचे आहे असे समजा. गड्याचे १२,००० रोख द्यावे लागतात. तिला स्वयंपाक आहे, लेकरांची शाळा आहे, मिठामिरचीसाठी दुसऱ्याच्या वावरात मजुरीलाही जायचे आहे. निंदण-वेचणीचा एक हिस्सा तिने उरकला तर पुष्कळ झाले. दोन हिश्श्यांची मजुरी बाहेर जाते, म्हणजे आणखी १०,००० जास्त. त्याच शेतात, त्याच पावसात, त्याच भावात तिला वर्षाला २२,००० रुपये रोख जास्त मोजावे लागतात. हा दंड कोणत्या गुन्ह्याचा?

आणि हे रोखीचेच झाले. पाऊस पडून वाफसा आला की बैलजोडी किंवा ट्रॅक्टर आधी मालकाच्या वावरात जातो, मग भावबंदाच्या, मग जो रोख देईल त्याच्या. तिचा नंबर शेवटी. आठ-दहा दिवस मागे पडलेली कोरडवाहू पेरणी म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. ऑक्टोबरात ओल तुटते तेव्हा मागास पऱ्हाटीची बोंडे भरायची राहिलेली असतात. डवरणीची पाळी चुकली की तण माजते. फवारणीला गडी मिळाला नाही की अळी वाट पाहत नाही. म्हणजे खर्च जास्त आणि उतारा कमी. मग लोक म्हणतात, बाईला शेती जमली नाही.

आता भावाकडे या. कृषी खर्च व मूल्य आयोग खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो. सरकार ज्या खर्चावर दीडपट दिल्याचे सांगते, तो हाच खर्च. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज त्यात पूर्ण धरलेले नसते, हे आपले जुने भांडण आहेच. पण या हिशोबात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. घरात राबणारी माणसे आहेत, असे तो गृहीत धरतो. एकटीच्या घरी ही 'घरची मजुरी' कागदावरची नसते. ती कमरेच्या पिशवीतून रोख निघते आणि बहुधा उधारीने आणलेली असते. भाव मिळाला तरी तिला इतरांपेक्षा कमी उरते. भाव मिळालाच नाही तर तीच सगळ्यात आधी मोडते.

आणि भाव मिळू दिला जातो का? २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात येतो त्याच दिवसांत. गिरणीला स्वस्त कापूस हवा होता. त्याची किंमत कोणी भरली? ज्या घरात कापूस दोन महिने धरून ठेवण्याची ऐपत नाही, त्या घराने. खळ्यावरच व्यापाऱ्याला माल देणाऱ्यांत एकटी बाई पहिली असते, कारण दुकानदाराची उधारी तिच्याच दारात आधी येते.

म्हणून आम्ही म्हणतो की ही थकबाकी आहे. सरकारने धोरणाने आपल्या खिशातून जे काढले, त्यातले थोडे सर्वांत जास्त नागवल्या गेलेल्या घराला परत करायचे आहे. वसुली करायला आपण बँकेच्या साहेबाइतकेच हक्कदार आहोत.

आता आक्षेपांकडे.

पहिला आक्षेप : रोख पैसे दिले की माणूस आळशी होतो. सरकारी नोकर सेवेत वारला तर त्याच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ पासून, केंद्र सरकारात ते किमान ९,००० रुपये आणि वर महागाई भत्ता आहे. ती बाई आळशी होईल असे कोणी म्हणत नाही. मिळायलाच हवे, आमचे काही म्हणणे नाही. पण कापूस पिकवणारा मेला की त्याच्या बायकोला १,५०० रुपये देताना मात्र देशाला आळसाची काळजी पडते. महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. ५० रुपयांत दोन लेकरे सांभाळून आळशी होऊन दाखवा, असे आमचे त्या शहाण्यांना आव्हान आहे.

दुसरा आक्षेप : सगे-सोयरे असतात की, भावकी बघेल. भावकी काय बघते ते सातबारा उघडून पाहा. थोरल्या भावाचे नाव, पुढे 'ए.कु.मॅ.', आणि धाकट्याची विधवा कुठेच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलांच्या बरोबरीचा हिस्सा दिला, त्याला सत्तर वर्षे होत आली. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ घरांतल्या बायांशी बोलून पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के बायांना शेतजमिनीचा हक्क मिळाला नव्हता. जमीन नावावर नाही म्हणून पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. भावकीच्या भरवशाचा हा हिशोब आहे.

तिसरा आक्षेप : योजना आहेत की, आणखी काय पाहिजे? हा सरकारचा लाडका युक्तिवाद आहे. तर योजना पाहू.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाख रुपये. २००५-०६ पासूनचा हा आकडा आहे. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले तर 'पात्र'. कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याचे उसने, विनापरवाना सावकाराचे व्याज यांपायी मेला तर 'अपात्र'. त्या वेळी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव १,९८० रुपये होता, म्हणजे एक लाख हे ५० क्विंटल कापसाचे मोल होते. २०२५-२६ च्या हमीभावाने ते जेमतेम १२ क्विंटल भरते. मेलेल्या कास्तकाराची किंमत वीस वर्षांत चौथ्या हिश्श्यावर आली.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. २०२३ मध्ये अनुदान १,५०० रुपये झाले. उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपयांवर अडकून राहिली, म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये. खरा दाखला काढला तर मजुरी करणारी एकही बाई त्यात बसत नाही. म्हणून गरिबाला खोटा दाखला काढायला लावायचे आणि मग त्याच दाखल्याच्या भीतीखाली ठेवायचे. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनातला वाटा २०१२ पासून ३०० रुपये आहे, आणि तोही वयाच्या चाळिशीनंतर. पदरी लहान लेकरे असतात ती बाई तिशीतली असते, हे दिल्लीला कोणी सांगावे?

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आली. तिच्यातही १,५०० रुपये. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० मिळत असतील तर ही मिळत नाही. म्हणजे नवरा असलेल्या जावेला १,५०० आणि नवरा गेलेल्या जावेलाही १,५००च. एकटीने ओढायच्या संसाराचा वेगळा पैसाही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. तिथे नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक मागितला. ज्यांचे दोघेही मातीत गेले त्या बायांनी काय करावे, हा विचार फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यातच नव्हता. ओरड झाल्यावर मुदत वाढवून मृत्यूदाखल्याची सोय करावी लागली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, याला म्हणतात.

एक योजना मात्र दिशेने बरोबर आहे, ती बालसंगोपनाची. २०२३ पासून तिच्यात एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. एका पालकाचे मूल त्यात बसते. आई असो की बाप, पैसा मुलाच्या मागे जातो. पण अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी बालकल्याण समितीपुढे. मजुरी बुडवून, लेकरू घेऊन, एसटीचे भाडे काढून खेपा घालायच्या. गावात या योजनेचे नावही अनेकांना माहीत नाही. आणि परित्यक्ता? नवरा जिवंत आहे, दुसरा घरोबा करून बसला आहे, सोडचिठ्ठी देत नाही. तिने एकटी असल्याचा कागद कोणाकडून आणायचा?

म्हणून ठरावात आम्ही या मागण्या घातल्या आहेत. एक, गरीब एकपालक घरातल्या प्रत्येक मुलाला अठरा वर्षांपर्यंत बालसंगोपनाची रक्कम मिळावी. यादी ग्रामसभेने करावी, जिल्ह्याच्या खेपा बंद व्हाव्यात. परित्यक्तेबाबत ग्रामसभेचा ठराव हाच पुरावा मानावा. दोन, विधवा-परित्यक्तेचे अनुदान इतर योजनेतून वजा करू नये. तीन, उत्पन्नाची २१,००० ची अट काढून टाकून रेशनकार्ड प्रमाण मानावे. चार, जसा नोकरदारांचा महागाई भत्ता वाढतो, तशी ही रक्कमही दरवर्षी वाढावी आणि ठरल्या तारखेला जमा व्हावी. पाच, मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसनोंद करून फेरफार घालणे ही तलाठ्याची जबाबदारी ठरावी. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली. ती एका वर्षाचा गाजावाजा न होता कायमचे काम व्हावे.

घामाच्या दामाची मागणी यामुळे मागे पडेल, ही शंका आम्ही मनापासून मान्य करतो. १,५०० रुपये देऊन कापसाचे हजार रुपये काढून घेण्याची कला सरकारला येते. म्हणूनच दोन्ही मागण्या एकाच व्यासपीठावरून करायच्या. भाव ही सगळ्या शेतकऱ्यांची लढाई आहे. पण ती जिंकेपर्यंत ज्या घरातली मुलगी शाळा सोडून वेचणीला जाते आहे, तिला 'भाव मिळाल्यावर बघू' असे सांगणारी चळवळ आम्हाला नको.

शेवटी थोडे आपल्याविषयी. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली की नवऱ्याने हयातीतच, राजीखुशीने, काही जमीन बायकोच्या नावे करावी. १९९२ मध्ये सरकारनेही त्या नावाचा निर्णय काढला. या बैठकीला आलेल्या किती जणांच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे? हात वर करायला सांगत नाही. घरी जाऊन उतारा काढून पाहा.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या एकट्या घरांची यादी करावी. विधवा, परित्यक्ता, बायको गेलेला बाप, सगळे. कोणाची वारसनोंद राहिली, कोणाचे अनुदान अडले, कोणाच्या लेकराचा अर्ज भरायचा आहे, ते लिहावे आणि पुढच्या बैठकीला घेऊन यावे. आणि मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की गावातली पहिली बैलजोडी त्या यादीतल्या वावरात घालावी. त्यासाठी सरकारचा आदेश लागत नाही.