दुबईची पहिली ट्रिप : ठिकाणांची यादी नंतर, आधी घड्याळ बघा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की फोनवर दुबई पॅकेजच्या जाहिराती सुरू होतात. चार रात्री, पाच दिवस, बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी, क्रूझवरचं जेवण आणि किंमत डिसेंबरपेक्षा बरीच कमी. आई-बाबांची पहिली परदेशवारी म्हणून अनेक घरांत हेच पॅकेज बुक होतं. माझं मत सरळ आहे. हे पॅकेज स्वस्त मिळतं, कारण त्या दिवसांत दुबईची दुपार बाहेर फिरण्यासारखी नसते. पैसे पाच दिवसांचे जातात आणि हातात येतात पाच सकाळी आणि पाच संध्याकाळी. दुबईला जरूर जा, पण आखणीची सुरुवात ठिकाणांपासून करू नका, उन्हापासून करा.

वाळवंट आहे, पण हवा कोरडी नाही

जानेवारीत दुबईचं दुपारचं तापमान साधारण २४ अंश असतं. मेमध्ये ते ३७-३८ पर्यंत जातं आणि ऑगस्टमध्ये चाळिशी ओलांडतं. ‘आम्ही चंद्रपुरात ४५ बघतो’ असं विदर्भातले वाचक म्हणतील. फरक आकड्यात नाही, दमटपणात आहे. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारणही हेच. दुबई समुद्रकाठी आहे. आखात उथळ असल्याने उन्हाळ्यात त्याचं पाणीच ३० अंशांच्या वर तापतं. म्हणजे ऊन चंद्रपूरचं आणि घाम मुंबईचा. भर उन्हाळ्यात तिथली रात्रही ३० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ‘रात्री गार होईल’ हा हिशेबही चुकतो.

हे तिथल्या सरकारलाही मान्य आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. उन्हाची सवय असलेल्या मजुरासाठी जो नियम आहे, तो साठी ओलांडलेल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या पाहुण्याने स्वतःला का लावू नये? मेमध्येही तो पाळावा.

नकाशावरचं ‘जवळ’ खरं नसतं

दुबई समुद्राला समांतर, लांबट पसरलेली आहे. मधोमध शेख झायेद रोड जातो. समोरची इमारत मॅपवर ३०० मीटरवर दिसते, पण मध्ये डझनभर लेन असतात आणि पलीकडे जायला जवळच्या मेट्रो स्टेशनचा पूल गाठावा लागतो. मधूनच रस्ता ओलांडला तर दंड होतो. म्हणून हॉटेल निवडताना स्विमिंग पूलचा फोटो बाजूला ठेवा आणि मेट्रो स्टेशन किती पावलांवर आहे ते बघा.

मेट्रो २००९ पासून सुरू आहे, ती चालकाविना धावते आणि नोल कार्डावर प्रवास होतो. महिला-मुलांसाठी वेगळा डबा असतो. गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं चालत नाही, दंड १०० दिरहम. पिशवीतला लाडू पिशवीतच राहू द्या. आणखी एक गोष्ट : बुर्ज खलिफा-दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पादचारी मार्ग सुमारे ८०० मीटर लांब आहे. काही ठिकाणी सरकते पट्टे आहेत, पण गुडघेदुखी असलेल्यांनी टॅक्सीच करावी.

बॅग भरताना

इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही. आपल्या अनारशांवर आणि करंजीच्या सारणात असते ती खसखस संयुक्त अरब अमिरातीत प्रतिबंधित आहे. तिथल्या नातेवाइकांसाठी फराळ नेणार असाल तर खसखस नसलेलाच न्या.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं तिथे नियंत्रित यादीत आहेत. अशी औषधं चालू असतील तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी घ्या. बाकीच्या गोळ्यांबरोबरही डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट ठेवा. सुटे कापलेले तुकडे नेऊ नका.

व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल सहसा लागत नाहीत. आई-बाबा एकटे जात असतील तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री इकडे घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

आणि सोनं. परतताना दागिन्यांवर मिळणारी सीमाशुल्काची सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. पाच दिवस फिरून येणाऱ्याला ती लागू होत नाही. ‘बायकांना ४० ग्रॅम चालतं’ या ऐकीव माहितीवर खरेदी करू नका.

मग दिवस कसा आखायचा?

सकाळी जुनी दुबई. अल फहिदीच्या गल्ल्या आणि तिथले ‘बारजील’, म्हणजे हवा खाली घरात ओढणारे चौकोनी मनोरे बघा. एसी नव्हता तेव्हा हे शहर कसं तगलं, ते तिथे कळतं. मग ‘अब्रा’ या लाकडी होडीतून एका दिरहममध्ये खाडी ओलांडा. दहा-साडेदहापर्यंत हे उरका. दुपारी मॉल, मत्स्यालय किंवा सरळ झोप. संध्याकाळी ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा आणि कारंजी. सफारीला एक पूर्ण संध्याकाळ वेगळी ठेवा. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी जोरात आपटते, त्यामुळे पाठीचं दुखणं असेल तर तो भाग वगळायला आधीच सांगा.

‘मुलांना सुट्टी मेमध्येच असते आणि डिसेंबर परवडत नाही,’ ही अडचण खरी आहे. पण दोन्हींच्या मध्ये नोव्हेंबर आहे. दिवाळीची सुट्टी तिथवर पोचत असेल तर तो आठवडा धरा. नाहीच जमलं तर त्याच पैशात चाराऐवजी तीन रात्री थंडीत घ्या. आणि आई-बाबा दोघंच जाणार असतील तर शाळेच्या सुट्टीचं बंधनच नाही. त्यांचं तिकीट मेमध्ये काढण्याचं कारण मला तरी सापडत नाही.